महालक्ष्मी रेसकोर्स: आबांसोबत घालवलेला एक रविवार

माझे वडील, आबा, मोतद्दार होते, म्हणजे रेसच्या घोड्यांची देखभाल करणारे. पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर, दिवाळी झाली की घोड्यांबरोबर मुंबईला, उन्हाळा तापला की परत. असं एकतीस वर्षं. आमच्या शाळेच्या सगळ्या निकालांना आई एकटी यायची, कारण एप्रिलमध्ये आबा महालक्ष्मीच्या तबेल्यात असायचे. एवढं असूनही मी रेस कधी पाहिली नव्हती. 'रेसला जाणारे' हा आमच्या वाड्यात शिवीसारखा शब्द होता. मोतद्दाराच्या मुलीनं तर तिकडे फिरकायचंच नाही, असा आईचा दंडक.

आई गेली. आबा शहात्तरचे झाले. जानेवारीत एके रात्री जेवताना ते म्हणाले, "एकदा स्टँडात बसून बघायचंय गं. कधी बसलो न्हाई." एकतीस वर्षं त्यांनी रेस पाहिली ती पॅडॉकच्या (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात ते आवार) आणि तबेल्याच्या बाजूनं, हातात लगाम धरून. म्हणून हा रविवार. ज्यांना वाटतं की रेसकोर्स म्हणजे फक्त जुगार, त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय.

आम्ही पुण्याहून सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली, दादरला उतरलो, पोटभर खाऊन घेतलं आणि पश्चिम रेल्वेनं महालक्ष्मी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला स्टेशनपासून टॅक्सीच बरी. आत सार्वजनिक भाग वेगळा आणि मेंबर लोकांचा वेगळा. मेंबरांकडे कपड्यांचे नियम असतात. आमच्याकडे आबांचा इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, तेवढा पुरला. स्टँड जुनं आहे, वारसा यादीतलं. पायऱ्या चढताना आबांचा हात धरावा लागला. पण वर जाऊन बसलो आणि समोर ती हिरवी अंडाकृती पसरलेली दिसली, पलीकडे काचेचे उंच टॉवर, समुद्राकडून येणारा वारा, तेव्हा आबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. १८८३ पासून इथं घोडे पळतायत. मुंबईत एवढं मोकळं आकाश एका जागी बसून दिसतं, अशा जागा किती उरल्यात?

पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझा एकच सल्ला. स्टँडात बसून राहू नका, प्रत्येक रेसच्या आधी पॅडॉकपाशी जा. तिकिटाचे पैसे तिथंच वसूल होतात. कठड्यापासून हातभर अंतरावरून घोडे चालतात. चौथ्या रेसच्या आधी एक कुमाईत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी आमच्या समोरून तीनदा गेली. मानेवर घामाची पांढरी रेघ, कातडीखाली शिरांचं जाळं उठलेलं, एक कान पुढं आणि एक कान मागं मोतद्दाराच्या आवाजाकडं. तो पोरगा तिच्याशी सतत काहीतरी पुटपुटत होता. मी आबांना विचारलं, काय बोलतात हो घोड्याशी? "कायबी. घरचं. बाजाराचं. आवाज थांबला की तिला वाटतं आपण एकटी हाय." मला आठवलं, आबा घरी आले की कमी बोलायचे. एवढं बोलणं कुठं खर्च होत होतं, ते मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आमच्या शेजारी तिशीतली दोन मुलं उभी होती, रेसबुकवर खुणा करत. एकजण दुसऱ्याला ठासून सांगत होता की आत्ताच्या घोड्यांपुढं जुने घोडे टिकलेच नसते. खाणं बदललं, बाहेरून आणलेल्या घोड्यांचं रक्त आलं, सगळंच बदललं. आबांना राहवलं नाही. "स्क्वॉन्डरर ऐकलाय का बाळ?" मुलांनी नाव ऐकलं होतं, हे विशेष. स्क्वॉन्डरर एकोणीस वेळा पळाला आणि अठरा वेळा जिंकला. मालक रणजित भट, ट्रेनर रशीद बायरामजी, १९७७ ची इंडियन डर्बी त्याची. आबा तेव्हा सत्तावीस वर्षांचे, दुसऱ्या तबेल्यात कामाला. डर्बीच्या आठवड्यात भल्या पहाटे त्याला ट्रॅकवर आणायचे, तेव्हा बाकीच्या तबेल्यांतले मोतद्दार हातातली कामं टाकून बघत उभे राहायचे म्हणे.

मुलानं लगेच टायमिंग विचारलं. इथं मला माझं मत मांडायचंय, कारण हा वाद घड्याळावर आणला की नेहमी चुकतो. १९७७ चं गवत आणि आजचं गवत एक नाही. जमीन किती घट्ट आहे ते आता यंत्रानं मोजून जाहीर करतात. आतलं कुंपण कुठं लावलंय त्यावर वेळ बदलते. पुढच्या घोड्यानं पहिले हजार मीटर संथ नेले तर जगातला सर्वोत्तम घोडासुद्धा घड्याळात सामान्य दिसतो. मग तुलना करायची कशावर? आबांचं माप वेगळं आहे आणि मला ते पटलं. रेसच्या दुसऱ्या दिवशी पहाटे घोड्याच्या पुढच्या पायाच्या नळीवर हाताचा तळवा ठेवायचा. गार लागली तर घोडा सुखरूप. गरम लागली तर काल तो जिंकला असला तरी त्यानं काहीतरी गमावलंय. "जिंकतात लई. दुसऱ्या दिवशी गार पायानं उभा राहतो, महिन्यानं परत पळतो आन् परत जिंकतो, तो चॅम्पियन."

या मापानं बघितलं तर गणित वेगळंच दिसतं. त्या रात्री आम्ही डोंबिवलीला बहिणीकडे मुक्काम केला. भाच्यानं मोबाइलवर अमेरिकेतला सेक्रेटेरिएट नावाचा घोडा दाखवला, १९७३ ची बेलमाँट स्टेक्स. दीड मैल दोन मिनिटं चोवीस सेकंदांत, एकतीस घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं जिंकला, आणि तो विक्रम आजही उभा आहे. शेवटी कॅमेरा मागं मागं जातो तरी दुसरा घोडा चौकटीत येत नाही. आबांनी ते चार वेळा बघितलं. सेक्रेटेरिएट एकवीस वेळा पळाला. त्याच्या आधीचा सायटेशन पंचेचाळीस वेळा. आणि २०१८ चा ट्रिपल क्राउन विजेता, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही रेस जिंकणारा, जस्टिफाय? सहा रेस, सहाही जिंकल्या आणि निवृत्त. पैसा आता घोडा पळवण्यापेक्षा त्याची पैदास करण्यात आहे, हे तिथलं कारण. २०२५ मध्ये सॉव्हरिनटीनं केंटकी डर्बी जिंकली आणि दोनच आठवड्यांवर असलेली प्रीकनेस सोडून दिली. पुढं बेलमाँट जिंकली. ट्रिपल क्राउनच्या तारखा लांबवाव्यात की परंपरा तशीच ठेवावी, हा वाद तिकडे चालू आहेच, त्यात त्यानं आणखी भर पडली. भाचा म्हणाला, ही पळवाट झाली. आबा म्हणाले, "पाय गरम असंल तर काय करायचं त्यानं?" मी आबांच्या बाजूनं आहे. तारखा माणसांनी ठरवल्यात, नळी घोड्याची आहे.

आजच्या घोड्यांना कमी लेखायचं नाही. पॅडॉकमधले घोडे बघून आबा स्वतः म्हणाले की अंगावर असं तेज आमच्या वेळी मोजक्याच घोड्यांना असायचं. पूर्वी हरभरा, कोंडा, लसूणघास. आता तयार खाद्य, एक्स-रे, सोनोग्राफी, पोहायला तलाव. ज्या दुखण्यावर पूर्वी ओल्या मातीचा लेप लावून देवावर भरवसा ठेवायचे, ते आता आठवडाभर आधी सापडतं. आजच्या घोड्याची पहाट चांगली आहे. फक्त अशा पहाटा त्याच्या वाट्याला थोड्या येतात.

आता परंपरांचं. काय ठेवायचं, काय सोडायचं, हे मी त्याच मापानं ठरवते.

चाबूक सोडावा. हे मी मऊ मनाची बाई म्हणून सांगत नाही. परतीच्या वाटेवर आबांनी सांगितलं, रेसनंतर संध्याकाळी घोड्याला आंघोळ घालताना मागच्या मांडीवरून हात फिरवला की वळ हाताला लागायचे. "डोळ्याला दिसत न्हाईत, केस असतात. हाताला कळतात." एकतीस वर्षांत हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. आताचे चाबूक गादीचे असतात, मान्य. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट रेसमध्ये सहा फटके आणि अडथळ्यांच्या रेसमध्ये सात, एवढीच मुभा आहे. त्याहून पुढं जाऊन फटका मारायचाच नाही, वळण घेताना तोल सांभाळायला चाबूक हातात असू द्या, असा नियम आपण का करू नये? सगळ्यांना सारखाच नियम लागला तर जो घोडा चांगला तो चांगलाच राहील. आपल्याकडे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी कायम ठेवली तेव्हा गावोगाव गुलाल उधळला. माझ्या माहेरच्या गावातही. मला शर्यत हवी आहे, बैलांचीही आणि घोड्यांचीही. मार नको.

डर्बीचे २४०० मीटर मात्र कुणी कमी करू नयेत. लोकांना आता झटपट रेस आवडतात, असं ऐकते. पण जवळजवळ पूर्ण फेरी मारताना घोड्याचा दम आणि जॉकीचं डोकं दोन्ही लागतं, म्हणून तर ती डर्बी. १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी जिंकली ती प्रिन्सेस ब्यूटिफुल, बडोद्याच्या महाराजांची घोडी. पहिलीच डर्बी एका मादीनं मारली, हे मला फार आवडतं आणि मी ते भेटेल त्याला सांगते.

पैशांचं थोडक्यात. आम्ही खेळलो नाही, आबांनी आयुष्यात एक रुपया लावला नाही. पण टोटच्या, म्हणजे पैज लावायच्या, खिडकीवरचा पैसाच बक्षिसाच्या रकमेत आणि पुढं तबेल्यांच्या पगारात झिरपतो. रेस हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलंय. तरी लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून ४० टक्के. याचा फटका मालकाच्या आधी मोतद्दाराच्या घरी बसतो. ते घर मला माहीत आहे.

आणि जागेचं. रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेच्या उद्यानाकडे, ९१ एकर रेस भरवणाऱ्या क्लबकडे, भाडेपट्टा २०५३ पर्यंत. उद्यान व्हावं, मुंबईच्या पोरांना गवत मिळावं. त्या उद्यानात एक कोपरा निवृत्त घोड्यांसाठी ठेवा, एवढीच माझी कळकळीची मागणी. रेस संपलेल्या घोड्यांचं काय होतं, हे लोकांना माहीतच नसतं. पूनावाला यांच्या स्टड फार्मचे निवृत्त घोडे हाफकिन या लस बनवणाऱ्या संस्थेला लस-सीरमसाठी जायचे, त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आपल्यातल्या कित्येकांना गंजका खिळा लागल्यावर टोचलेलं औषध कुणा रेसच्या घोड्याच्या रक्तातून आलेलं असायचं. त्या घोड्यांना म्हातारपणी सावलीला एक झाड तरी द्यायला नको?

माझ्याकडून पाचपैकी चार. एक चाबकासाठी राखला. लहान मुलांना घेऊन जा, मोठ्यांना नक्की न्या. टोपी आणि पाणी लागतंच, दुपारी ऊन असतं.

शेवटची रेस झाल्यावर आबांना पुन्हा पॅडॉककडे जायचं होतं. गर्दी पांगली होती. एक पोरगा घाम पुसलेल्या घोड्याला तबेल्याकडे नेत होता. घोडा पुढं गेला आणि आबांनी मान कलती केली, गाडीचा हॉर्न ओळखावा तशी. "ए बाळ, मागचा उजवा. नाल सैल हाय. वाजतोय." मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. पोरगा थांबला, वाकला, खूर मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं नाल दाबून बघितला. तो हलला.

"कुठल्या तबेल्याचे काका तुम्ही?" त्यानं विचारलं.

आबा कठड्यावर दोन्ही हात टेकून सांगू लागले. मी टॅक्सी बघायची थांबले.