शॉर्ट शिफ्टरच्या नावाखाली दांडा कापला

वरुड-मोर्शीकडून गाडीचं सामान बसवायला अमरावतीला जाणाऱ्या मंडळींसाठी लिहितो आहे. कोणी 'जपानी शॉर्ट शिफ्टर किट', म्हणजे गिअर टाकताना दांडा कमी हलवावा लागेल असं सामान, बसवून देतो म्हणालं, तर आधी हे वाचा.

माझी डिझेल गाडी जुनी. गिअरचा दांडा न्यूट्रलमध्येही डुलायचा, तिसरा गिअर शोधावा लागायचा. अमरावतीत एका दुकानात सीट कव्हरसाठी थांबलो, तर दुकानदारानंच दांडा हलवून पाहिला. "भाऊ, पूर्ण किटच टाकून घ्या. गिअर असा टकाटक पडन!" किट आणि टायटॅनियमचा नॉब, म्हणजे दांड्यावरची मूठ, मिळून साडेसहा हजार. चकचकीत खोकं दाखवलं, उघडलं मात्र नाही. गाडी मागच्या शेडमध्ये गेली, मला चहा आला, तासाभरात काम तयार. बिल मागितलं तर चिठ्ठीवर 'गाडी सामान' आणि रक्कम. फोनवरून दिलेले पैसेही दुकानाच्या नावावर गेले नाहीत, कुणातरी तिऱ्हाइताच्या खात्यात गेले.

गिअरचा पल्ला खरंच कमी झाला होता, आणि इथंच माणूस फसतो. दांडा खाली एका टेकूवर फिरतो. खरी किट त्या टेकूची जागा बदलते किंवा टेकूखालचा भाग लांब करते, म्हणजे हात थोडा हलला तरी गिअरबॉक्सकडे जाणारी केबल पूर्ण ओढली जाते. पण वरचा दांडा नुसता कापला तरी पल्ला कमी होतो. टेकूपासून २५ सेंटिमीटरचा दांडा २० केला, तर हाताचा पल्ला पाचातून चार भाग उरतो आणि जोर सव्वापट लागतो. जोर खऱ्या किटनंही वाढतो, तो लिव्हरचा हिशोबच आहे. फक्त कापायला साडेसहा हजार लागत नाहीत, ग्राइंडरची एक चकती पुरते.

पुढे मोर्शी रोडवर संत्र्याच्या ट्रकला ओव्हरटेक करताना तिसऱ्यातून चौथा टाकायला गेलो आणि नॉब उपटून हातात आला. खाली कापलेल्या लोखंडाची धार. तसाच ट्रकच्या मागं राहिलो, गाडी हळूहळू बाजूला घेतली आणि गावच्या मिस्त्रीकडे नेली.

त्यानं चामड्याचं कव्हर वर केलं आणि हसलाच. "भाऊ, यात किट कायची? तुमचाच दांडा कापला ना त्यानं!" टेकू, खालचा भाग, केबलचे जोड, सगळं कंपनीचं आणि वर्षानुवर्षांच्या धुळीनं माखलेलं, एकाही बोल्टला पाना लागल्याची खूण नव्हती. वरच्या टोकाला मात्र ग्राइंडरचे ताजे ओरखडे. कंपनीचे आटे कापलेल्या तुकड्याबरोबर गेले, म्हणून नॉब प्लास्टिकच्या नळीवर तीन बारीक स्क्रूंनी आवळला होता. जुना नॉब परत बसवायचीही सोय ठेवली नाही. आणि डुलण्याचं मूळ कारण? केबलच्या टोकाचा झिजलेला प्लास्टिक बुश, म्हणजे जोडातली छोटी कडी. तो मिस्त्रीनं किरकोळ पैशात बदलला.

टायटॅनियमची परीक्षा त्यानं स्पीकरच्या चुंबकानं घेतली. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. हा नॉब टपकन चिकटला. वर क्रोमचा मुलामा, आत लोखंड. असला उघड्या धातूचा नॉब खरा असता तरी आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत दुपट्टा गुंडाळल्याशिवाय धरता येत नाही, हे दुकानदार कशाला सांगेल! विदर्भात चामडं किंवा कंपनीचा साधा नॉबच बरा.

नॉब घ्यायचाच असेल तर आधी आपल्या दांड्याचे आटे माहीत करून घ्या. होंडाला साधारण १० मिलिमीटर जाडी आणि १.५ ची पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), माझदाला १० आणि १.२५, टोयोटाला १२ आणि १.२५. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांना आटेच नसतात, नॉब क्लिपवर बसतो. 'सगळ्याला बसते' म्हणणारा नॉब बहुतेक वेळा त्या तीन स्क्रूंवरच लटकतो. रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग उचलावी लागत असेल, तर ती रिंग नव्या नॉबबरोबर चालते का, हे पैसे देण्याआधी गिअर टाकून बघा. किट घेत असाल तर खोकं समोर उघडायला लावा, गाडीजवळ उभे राहा आणि निघालेला जुना भाग मागून घ्या. खरी किट बसली तर जुनं काहीतरी निघायलाच हवं.

दुकानदाराला फोन केला, तर म्हणे "बसवलेला माल वापस होत नाही." मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही जाता येतं, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कापलेल्या टोकाचे फोटो, चिठ्ठी आणि पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवला आहे. तक्रार गेल्यावर त्याचाच फोन आला: "अर्धे घ्या अन् मिटवा भाऊ." मी पूर्ण पैसे आणि नव्या दांड्याची किंमत मागितली आहे. अजून उत्तर नाही. पुढच्या आठवड्यात आयोगाचा अर्ज भरतो आहे.