नाशिकच्या काळ्या मातीत कोणतं मेटल डिटेक्टर घ्यावं?

छंद म्हणून मेटल डिटेक्टर घ्यायला निघालेला जो तो विचारतो, "किती खोल जातं?" नाशिककराने आधी विचारावं, ग्राउंड बॅलन्स (मशीनने मातीचा आवाज सोडून द्यावा म्हणून करायची जुळणी) आपल्याला करता येतो का? आपली माती बसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची. त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात आणि मशीनला जमीनच धातूसारखी ऐकू येते.

गॅरेट एस ४०० आणि नोक्टा सिम्प्लेक्स प्लस ही दोन्ही नवशिक्यांची मशीनं. गॅरेट वापरायला सोपं, चालू केलं की कामाला लागा. पण त्याचा ग्राउंड बॅलन्स कारखान्यातूनच ठरवून येतो. काळ्या रानात ते कुरकुरायला लागलं की सेन्सिटिव्हिटी खाली आणावी लागते, आणि तिच्याबरोबर खोलीही जाते. सिम्प्लेक्सवर हे जुळवता येतं: खाली धातू नसलेली जागा बघायची, बटण दाबून ठेवून कॉइल (दांडीच्या टोकाची तबकडी) वर-खाली करायची, आवाज सपाट झाला की सुरू. मुरमाडावरून काळ्या रानात उतरलात की पुन्हा तेच. शिवाय ते तीन मीटर पाण्यात चालतं. गॅरेटची फक्त कॉइल भिजलेली चालते. माझं मत सरळ सिम्प्लेक्सला.

मायनलॅब इक्विनॉक्स ८०० एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं. आपल्या मातीतही फायदा होतोच, पण खरे पैसे वसूल होतात ते खाऱ्या ओल्या वाळूत. दर सुट्टीला कोकणात जाणार असाल तरच एवढा खर्च करा.

आता कॉइल. मोठी कॉइल खोल जाते, मोकळ्या पडीक रानात तीच बरी. पण दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेत तिचं काही चालत नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल, डोक्यावर मांडवाची तार, खाली तारेचे कापलेले तुकडे आणि औषधाच्या बाटल्यांची पत्र्याची सीलं. मोठ्या कॉइलखाली एकदम तीन-चार वस्तू येतात आणि सगळा कालवा होतो. तिथे सहा-सात इंची कॉइल घ्या, ओळीच्या मधोमध चाला, हळू फिरवा. आणि एक सांगून ठेवतो: बागेत कुणाची अंगठी हरवली म्हणून गेला असाल, तर त्या सीलांना कंटाळून डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचा आवाज गाळण्याची सोय, वाढवू नका. पातळ सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमचं सील मशीनवर जवळपास एकाच आकड्याला वाजतात. सील गाळलंत की अंगठीही गाळली. अशा वेळी वाजेल ते खणायचं, दुसरा उपाय नाही.

नाण्यांचंही तसंच. सध्याची एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची आहेत, त्यामुळे लोखंड गाळलं की बऱ्याचदा तीही गायब. रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी पोरं या बाबतीत तुमच्या हजारोंच्या मशीनच्या पुढे आहेत! निकेल-पितळेचं पाच रुपयाचं नाणं मात्र चुंबकाला दाद देत नाही, ते मशीनलाच सापडतं.

उरलेल्या पैशांत महागडी ॲक्सेसरी नको, पिनपॉइंटर घ्या, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर. काळ्या मातीचं ढेकूळ निघतं आणि वस्तू त्याच्या पोटात बसते. खुरप्याने फोडत बसण्यापेक्षा पिनपॉइंटर लगेच बाजू दाखवतो.

जागेच्या बाबतीत मात्र निवड नाही. मालकाला विचारल्याशिवाय शेतात पाय नको आणि पांडवलेण्यांसारख्या संरक्षित स्मारकाच्या आवारात मशीन न्यायचंच नाही. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. १९०६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात जोगळटेंभी इथे क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारले होते आणि त्यावरून क्षहरातांच्या पराभवाला भक्कम पुरावा मिळाला. असा साठा गुपचूप वाटला गेला असता तर हा पुरावा हातचा गेला असता. जुनी नाणी ओळखायला शिकायचं असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे, तिथे आधी एक चक्कर मारा.

सेकंडहँड मशीन मिळत असेल तर बिनधास्त घ्या, फक्त कॉइल जमिनीपासून वर धरून तिची वायर टोकाशी हलवून बघा. हलवल्यावर चिवचिवलं, तर नव्या कॉइलचे पैसे किमतीतून कापून मागा.