काटा नाचतोय: स्कॅनर लावायचा की मेकॅनिकल गेज?

चालत्या ट्रकमध्ये ऑईल प्रेशरचा काटा खाली-वर नाचायला लागला की पोटात गोळा येतो. मग दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लाव, दुसरा म्हणतो सेन्सर काढून मेकॅनिकल गेज (थेट ऑईलच्या दाबावर चालणारा काट्याचा मीटर) जोड. सल्ले दोन्ही चांगले आहेत, पण दोन्हींतून मिळणारी उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची.

जुन्या गाडीत सेन्सरची वायर थेट मीटरला यायची. आता सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो, ईसीयू कॅन लाईनवर, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या वायरवर आकडा टाकतो आणि डॅशबोर्डमधली इवलीशी मोटर काटा फिरवते. मधे बरीच मंडळी आली. त्यात कूलंटचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम शांत ठेवलेला असतो: पाणी ८५ अंशांवरून ९५ वर गेलं तरी काटा मधोमध.

स्कॅनर हा शांतपणा बाजूला सारून खरा आकडा दाखवतो. काही जड ट्रकना ९ पिनांचं सॉकेट असतं, हलक्या गाड्यांना १६ पिनांचं. घेताना एवढं बघाच. चढावर तापमान वाढलं, पंखा लागला, पुन्हा उतरलं, हा खेळ त्यावर नीट दिसतो आणि तो नॉर्मल असतो. गरम इंजिन आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता मंद चालू) आलं की ऑईल प्रेशर उतरणं हेही नॉर्मलच. शिवाय फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाचे नोंदवलेले क्रमांक मिळतात. स्कॅनरवर आकडा स्थिर आणि काटाच नाचत असेल, तर दोष डॅशबोर्डकडचा.

पण स्कॅनर वाचतो तोच सेन्सर, जो काट्याला सांगतोय. सेन्सर खोटं बोलला की दोघंही खोटं बोलणार. माझ्या गाडीत स्कॅनरवर प्रेशर शून्य दिसत होतं, इंजिनाचा आवाज मात्र गुळगुळीत. सेन्सरचा कनेक्टर ओढला तर पिनांवर ऑईल! सेन्सर आतून फुटून वायरिंगकडे झिरपत होता. त्याच्या जागी गेज लावला, काटा ४० पीएसआयवर (दाबाचं एकक) ठाम. सेन्सर बदलला, विषय संपला.

गेज जोडणं कटकटीचं, हे मान्य. सेन्सर अडचणीच्या जागी असतो, आट्यांचा मेळ बसणारा अ‍ॅडॉप्टर लागतो, हात काळे होतात. दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा जुना ठोकताळा चालतो, पण आकडा शेवटी गाडीच्या मॅन्युअलचाच धरा. काही नव्या इंजिनांचा पंप गरजेप्रमाणे प्रेशर स्वतःच कमी-जास्त करतो, तिथे हा ठोकताळा फसवतो.

सगळे काटे एकदम उड्या मारत असतील तर स्कॅनर आणि गेज दोन्ही राहू द्या. आधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा. तापमान एका सेकंदात ३० अंशांनी उडालं तर तेही वायरिंगचं किंवा सेन्सरचंच. पाणी इतक्या लवकर तापत नाही. प्रेशरचा लाल दिवा लागून इंजिन खडखडत असेल तर मात्र तपासत बसू नका, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

एकच काहीतरी घ्यायचं असेल तर मी स्कॅनर घेईन, रोज कामाला येतो. शंका फक्त ऑईल प्रेशरची आणि कनेक्टर कोरडा असेल, तर गेज.