ख्रिस्ती नीतिशास्त्र आणि जागतिक अर्थकारण : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

ख्रिस्ती नीतिशास्त्र शिकवताना अर्थकारण हा विषय बहुधा दानधर्मावरील एखाद्या व्याख्यानात उरकला जातो. मी नुकताच पूर्ण केलेला आठ आठवड्यांचा हा अभ्यासक्रम मात्र थेट मजुरीपासून सुरू होतो आणि तिथेच तो सर्वांत भक्कम आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात अकराव्या तासाला, म्हणजे दिवस संपत आला असताना, आलेल्या मजुरालाही दिवसभर राबलेल्यांइतकेच पैसे मिळतात. आपण सहसा मालकाच्या औदार्यापाशी थांबतो. शिक्षिका मात्र आपल्याला बाजारात नेतात, जिथे ही माणसे कोणी कामावर लावले नाही म्हणून तोवर रिकामी उभी होती. पाठोपाठ पोप तेरावे लिओ यांचे १८९१चे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक येते. मजुरीत कामगाराचा साधा चरितार्थही चालत नसेल, तर करार राजीखुशीचा होता एवढ्याने ती न्याय्य ठरत नाही, असे त्यात बजावले आहे. मग २०१३ मध्ये ढाक्याजवळ कोसळलेली राणा प्लाझा ही इमारत : आदल्या दिवशी तडे दिसूनही शिलाई कामगारांना आत पाठवले गेले आणि अकराशेहून अधिक माणसे दगावली. करार त्यांनीही मान्य केलेलाच होता. हा तास मी दोनदा पाहिला.

व्याजाचा भाग त्या मानाने घाईत आटोपला आहे. उघड सावकारी करणाऱ्यांना ख्रिस्ती दफनही नाकारणारी चर्चची ११७९ची लॅटरन परिषद आणि व्याजाला अटी घालून मान्यता देणारा सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विन, यांच्यामधली चार शतके जेमतेम वीस मिनिटांत संपतात. बायबलमधील लेवीय पुस्तकातील योबेल वर्षावरून, म्हणजे विकलेल्या जमिनी मूळ कुटुंबांना परत करण्याच्या आणि दासांना मोकळे करण्याच्या पन्नासाव्या वर्षावरून, 'ज्युबिली २०००' ही कर्जमाफीची चळवळ कशी उभी राहिली, हे नीट सांगितले आहे. परंतु २००५ मध्ये मोठी कर्जमाफी मिळालेल्या झांबियाचे हप्ते २०२० मध्ये पुन्हा का थकले, हा माझा प्रश्न दोनदा विचारूनही अनुत्तरित राहिला.

शेवटचा आठवडा न्याय्य व्यापाराच्या, म्हणजे उत्पादकाला रास्त मोबदला मिळाल्याची ग्वाही देणाऱ्या, शिक्क्यांना दिला आहे आणि इथे सगळा भार एकट्या ग्राहकावर येऊन पडतो, हे मला पटले नाही. अंतिम स्वाध्यायात अंगावरच्या एका कपड्याचा माग काढायचा होता. माझ्या सदऱ्याच्या आतल्या पट्टीवर देशाचे नाव आणि धुण्याच्या सूचना होत्या, कारखान्याचे नाव कुठेच नव्हते. मी तेवढेच लिहून पाठवले, आणि गुण पूर्ण मिळाले.