गणिताची पेटी : बाहेरून सहा, आतून पाच पूर्णांक चार

आधीच सांगतो, मी मास्तर नाही, सुतार आहे. सांगलीत वखारभागाच्या बाजूला माझं वर्कशॉप आहे. पूर्वी चौकटी, दारं, देव्हारे करायचो, आता जास्त करून किचनची कपाटं. नववीत गणितात दोनदा आपटलो, मग वडिलांनी हातात रंधा दिला. त्यामुळे या पेटीनं पोरांचे मार्क वाढतात का, हे मला विचारू नका. मी लाकूड, माप आणि जोड बघून सांगतो.

जूनमध्ये धाकटी आठवीत गेली. वह्या घ्यायला हरभट रोडला गेलो होतो, तिथं काउंटरवर ही पेटी दिसली. झाकणावर हसणारी पोरं आणि आत नऊ खेळ. एक पुस्तिकाही आहे. छापील किंमत ३,२०० रुपये, घासाघीस करून २,८५० ला मिळाली. कंपनीचं नाव लिहीत नाही. दुकानात तीन वेगवेगळ्या नावांच्या पेट्या होत्या, तिन्ही उघडून बघितल्या तर आतला माल एकाच साच्यातला वाटला.

पहिल्याच रात्री भांडण. पेटीत पायथागोरसचा एक खेळ आहे. मधे काटकोन त्रिकोण, त्याच्या तीन बाजूंना तीन चौकोनी डब्या, सगळ्यांची खोली सारखी. दोन लहान डब्या प्लास्टिकच्या मण्यांनी काठोकाठ भरायच्या आणि मोठ्या डबीत ओतायच्या. मोठी डबी नेमकी भरते, म्हणजे लहान दोन वर्गांची बेरीज मोठ्या वर्गाएवढी. आमच्या धंद्यात याला नुसतं तीन-चार-पाच म्हणतात. चौकट उभी करताना एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट खूण करायची आणि तिरकं पाच आलं की चौकट गुण्यात, म्हणजे कोपरा काटकोनात. वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा पायथागोरसचं नाव त्यांनीही ऐकलेलं नव्हतं.

तर धाकटीनं मणी ओतले आणि मोठी डबी भरेना. वरती चांगली फट राहिली. तिनं दोनदा करून बघितलं, मग म्हणाली, "पप्पा, पायथागोरस चुकला." मी म्हटलं, गेली हजारो वर्षं चौकटी उभ्या राहतायत, चुकला असेल तर हा डबीवाला. आधी मण्यांवर संशय घेतला, कारण गोल मणी डबीत नीट बसत नाहीत, मधे पोकळी राहते. म्हणून स्वयंपाकघरातून मोहरी आणली. बायको ओरडली तो भाग सोडून देतो. मोहरीनंही तीच फट.

मग कॅलिपर काढला. बाहेरून मापलं तर बरोब्बर ६, ८ आणि १० सेंटिमीटर. छत्तीस अधिक चौसष्ट बरोबर शंभर, काही चूक नाही. पण मोहरी बाहेर भरतो होय? एमडीएफची, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीची, भिंत ३ मिलिमीटरची, दोन्ही बाजूंची मिळून ६ मिलिमीटर. आतून डब्या झाल्या ५.४, ७.४ आणि ९.४. धाकटीला म्हटलं, आता कर वर्ग. २९.१६ आणि ५४.७६, बेरीज ८३.९२. मोठीचा वर्ग ८८.३६. शंभरात पाच कमी. फट तेवढीच होती.

खरी मजा पुढं आहे. ती म्हणाली, "पण तिन्हीतून सारखंच तर कमी झालं ना, मग बिघडलं कसं?" मला उत्तर हातानं माहीत होतं, तोंडानं येत नव्हतं. तीच वहीत मांडत बसली. सहामधून ०.६ गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला. दहामधून ०.६ गेले म्हणजे शंभरात फक्त सहा. लहानाच्या ताटातून जास्त गेलं, मोठ्याच्या ताटातून कमी. सगळ्यातून सारखं वजा केलं की आकार बदलतो, सारख्या पटीनं कमी केलं तरच आकार टिकतो. रात्री साडेअकरापर्यंत जागी होती. नववीत कुणी मला चुकीची डबी दिली असती तर मीही जागलो असतो, असं वाटून गेलं.

मोठ्या डबीला आतून चारही बाजूंनी सनमायकाच्या एक मिलिमीटरच्या पट्ट्या चिकटवल्या. आता आतून ९.२, वर्ग ८४.६४. मोहरी जवळजवळ काठाला येते. ज्यांच्या घरी सुतार नाही त्यांनी काय करायचं, हे पुस्तिकेत लिहिलेलं नाही.

आता चांगलं सांगतो, कारण पेटीत एक चीज खरंच लई भारी आहे. आठ ठोकळ्यांचा घन. रबरवुडचा, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाचा, एमडीएफ नाही. एक ठोकळा ४ सेंटिमीटरचा घन, एक २ चा घन, तीन चपटे ४ बाय ४ बाय २ आणि तीन लांबट ४ बाय २ बाय २. नीट रचले की ६ सेंटिमीटरचा एक अखंड घन होतो. कुठल्याही कडेवर नख फिरवा, अडकत नाही. ज्यानं कापलेत त्याला माझा नमस्कार.

ए अधिक बी, कंसाचा घन, म्हणजे ए घन अधिक तीन ए वर्ग बी अधिक तीन ए बी वर्ग अधिक बी घन. हे मला आजही पाठ आहे, कारण चुकलं की हातावर पट्टी बसायची. पण त्यातले ते "तीन" कुठून आले, हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं. तीन चपटे ठोकळे, मोठ्या ठोकळ्याच्या तीन तोंडांना चिकटलेले. तीन लांबट, त्यांच्या सांध्यांत बसलेले. कोपऱ्यात एक बारका. सांधा सांध्यात बसतो तसं सूत्र बसलेलं आहे, आणि आम्ही ते मंत्रासारखं घोकत होतो. धाकटीनं ठोकळे माझ्या स्क्रू तोलायच्या काट्यावर ठेवले : ४२, २१, १० आणि ५ ग्रॅम. दर वेळी निम्मं. पुस्तिकेत हे नाही, तिचं तिनं काढलं. ६४, ३२, १६, ८ घन सेंटिमीटर, एकाच लाकडाचे, मग वजन तसंच येणार.

तिसरी गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात महाग ठरली. वर्तुळाचे सोळा त्रिकोणी फाकांसारखे तुकडे आहेत. एक वर, एक खाली असे ओळीनं लावले की जवळजवळ आयत होतो. उंची त्रिज्येएवढी, लांबी अर्ध्या परिघाएवढी. म्हणून क्षेत्रफळ पाय आर वर्ग. धाकटी हे सांगत होती आणि माझ्या डोक्यात वखार सुरू झाली.

वखारीत गोल ओंडका असा मोजतात : दोरीनं घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा करायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग लांबीनं. घेर ४ फूट, लांबी १० फूट असेल तर एक गुणिले एक गुणिले दहा, १० घनफूट. तीस वर्षं मी असंच मोजतोय. त्या रात्री पहिल्यांदा खरा हिशेब केला. ४ फूट घेराच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १.२७ चौरस फूट येतं, म्हणजे ओंडका १२.७३ घनफुटांचा. दोरीचा हिशेब खऱ्याच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच धरतो, पाय भागिले चार. वडील म्हणायचे, "उरलेलं सालीचं आणि करवतीचं." मला वाटायचं ते अंदाजानं बोलतात. चौकोनी फळ्या काढताना कडेच्या साली आणि भुसा जातोच, तेवढी सूट हिशेबातच ठेवलेली आहे.

बाकीचे खेळ भरभर सांगतो. ब्रह्मदेवाचा मनोरा, म्हणजे तीन खुंट्या आणि लहानमोठ्या आठ चकत्या, एका वेळी एकच हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही आणि सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा, ठीक आहे. पण चकत्या एमडीएफच्या असल्यानं जुलैच्या दमट हवेत फुगल्या आणि खुंटीवरून निघेनात. भोक अर्ध्या सुतानं मोठं केलं, चाललं. आठ चकत्यांना कमीत कमी २५५ चाली लागतात, धाकटीनं २७१ मध्ये केलं. पुस्तिकेत हे कोडं काशीच्या देवळातलं प्राचीन कोडं म्हणून छापलंय. खरं म्हणजे एदुआर ल्युका नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १८८३ मध्ये ते बाजारात आणलं आणि काशीची गोष्ट त्याच्यासोबतच पसरली. टँग्रॅमचे, म्हणजे चौरस कापून केलेल्या सात तुकड्यांच्या कोड्याचे, तुकडे लेझरनं कापताना खाल्ले गेलेत, चौरस लावला की मधून उजेड दिसतो. गोट्यांच्या घसरगुंडीबद्दल काही न बोललेलं बरं, तिची पन्हाळ पहिल्या आठवड्यात वाकली.

सगळ्यात स्वस्त गोष्ट एक छापील कार्ड आहे आणि तिनंच सगळ्यात जास्त माणसं जमवली. कापरेकरांचा ६१७४. द. रा. कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. कुठलाही चार आकडी अंक घ्या, चारही आकडे सारखे नकोत. आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग उलट लावा, वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच, तीनच आकडे आले तर पुढं शून्य धरून. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतोच आणि मग तिथंच अडकतो. हे त्यांनी १९४९ मध्ये शोधलं.

कार्ड मी वर्कशॉपच्या भिंतीला लावलं. चहावाल्या पोरानं विचारलं हे काय. सांगलीकराला कृष्णेवरचा आयर्विन पूल म्हटलं की पुराच्या पाण्याचे फूट आठवतात, ४० ला इशारा, ४५ ला धोका. म्हणून त्याला म्हटलं, आज फूट राहू दे, पुलाचं साल घे. १९२९. ९९२१ वजा १२९९, ८६२२. मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. पाच पायऱ्या. तो गेला आणि दुपारी शेजारच्या गोडाऊनचे दोन हमाल घेऊन आला, हातात गाड्यांचे नंबर. एकाची गाडी ४४४४. शून्य आलं. त्याला बिचाऱ्याला आठवडाभर "शून्य" म्हणून हाक मारत होते. प्लायच्या तुकड्यांवर पेन्सिलीनं इतक्या वजाबाक्या झाल्या की एक तुकडा गिऱ्हाइकाच्या कपाटात तसाच गेला.

२२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या जन्मदिवशी, शाळेत गणित दिन असतो. धाकटी पेटी घेऊन गेली. वर्गात पन्नासच्या वर पोरं आणि पेटी एक. पहिल्या बाकावरच्यांनी हात लावला, मागच्यांनी माना उंचावल्या. पेटीचा हा मोठा दोष आहे, एका घरासाठी ठीक, वर्गासाठी नाही. मग मी सागाच्या तुकड्यांतून आठ ठोकळ्यांचे पाच संच करून दिले. कापायला दोन दिवस गेले, पॉलिश केलं नाही, उगाच हात घसरतो.

ते द्यायला गेलो तेव्हा त्यांच्या गणिताच्या मॅडमनी एक गोष्ट सांगितली, ती पेटीत असायला हवी होती. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, इसवी सन ११५० मधल्या, करवतकामाचं एक वेगळं प्रकरण आहे. क्रकच म्हणजे करवत. एक लाकूड बुंध्याला २० अंगुळं जाड, शेंड्याला १६, लांबी १०० अंगुळं, चार जागी उभं कापलं, तर कापणी किती? सरासरी १८, गुणिले शंभर, गुणिले चार, ७,२००. भागिले ५७६, कारण २४ अंगुळांचा एक हात आणि चौरस हाताची ५७६ चौरस अंगुळं. उत्तर साडेबारा. आज मिलवाला घनफुटावर पैसे घेतो, भास्कराचार्य करवत जेवढ्या अंगातून गेली तेवढं मोजतात. पुढं तिथंच म्हटलंय, माल मऊ की कठीण ते बघून, काम करणाऱ्यांच्या संमतीनं मोल ठरवावं. बाभळीला आणि आंब्याला एकच रेट मागणारी माझी दोन गिऱ्हाइकं आहेत, त्यांच्यासाठी मॅडमकडून ते पान झेरॉक्स करून घेतलंय.

पुस्तिकेबद्दल एवढंच, की प्रत्येक खेळाच्या खाली उत्तर छापलंय. पोरगं डबी उघडायच्या आधी उत्तर वाचतं. मी ती पानं स्टेपल करून टाकली. मराठीही कसली, "समकोण" काय, "क्रियाकलाप" काय. आमच्याकडे काटकोन म्हणतात.

पाचपैकी साडेतीन. घनाला आणि कार्डाला पूर्ण मार्क, घसरगुंडीचे कापले. घरात मापायला वेळ देणारं कुणी असेल तर घ्या. नुसती पोरासमोर ठेवायची असेल तर २,८५० रुपये वाया. दुकानात पेटी उघडायला लावा आणि डब्यांना पट्टी आतून लावा.

पायथागोरसची डबी बदलून द्या म्हणून पेटीवरच्या नंबरला फोन केला होता. पलीकडचा माणूस मनापासून हसला, "साहेब, एवढं कोण मोजतंय?" तरी पंधरा दिवसांनी नवीन डबी कुरिअरनं आली, पैसे न घेता, हेही लिहिलं पाहिजे. तीही बाहेरून सहा, आठ, दहा. तिच्यात आता मी तीन साइजचे स्क्रू ठेवतो.