हेकेलचा हिरवा माणूस पोपटी होऊन घरी आला

घर बदललं आणि हॉलची एक भिंत अगदीच भुंडी दिसायला लागली, म्हणून एरिश हेकेल या जर्मन चित्रकाराच्या 'मेनरबिल्डनिस' या रंगीत वुडकटचं, म्हणजे लाकडावर कोरून छापलेल्या चित्राचं, पोस्टर ऑनलाइन मागवलं. साइज 50 बाय 70 सेंटीमीटर, किंमत 39 युरो, डिलिव्हरीचे पैसे वेगळे. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. माझे 5 पैकी 3 स्टार, आणि त्यातले अडीच हेकेलचेच.

आधी मूळ चित्राबद्दल. 1919 चं आहे. नाव नुसतं 'पुरुषाचं पोर्ट्रेट', पण आहे तो हेकेल स्वतःच. पहिल्या महायुद्धात तो बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये सैनिकांच्या शुश्रूषेला होता, तिथून परत आल्यावरचं हे काम, आणि चेहरा बघितला की वाटतं हा माणूस कित्येक रात्री झोपलेलाच नाही. गाल आत गेलेले, नजर भलतीकडेच, हात हनुवटीखाली गुंफलेले. आणि चेहरा चक्क हिरवा! कोवळ्या पालवीचा हिरवा नाही हां, शेवाळलेल्या भिंतीचा असतो तो. सोबत निळा आणि मातकट पिवळा, आणि सगळ्याला धरून ठेवणारी काळी, खरबरीत रेघ.

हे वुडकट प्रकरण चालतं कसं, तर लाकडाच्या फळीवर खोदायचं, जे खोदून काढलं ते कोरं राहतं आणि जे उरलं त्याला शाई लागते, मग वर कागद दाबायचा. आपल्याकडे कापडावर ठसे मारतात तेच तत्त्व. पण ठसेवाल्याला सफाई हवी असते, आणि ही मंडळी, म्हणजे 1905 मध्ये ड्रेस्डेनला आर्किटेक्चर शिकता शिकता 'ब्रूक' नावाचा ग्रुप काढणारी ही चार पोरं, किर्शनर, हेकेल, श्मिट-रोटलुफ आणि ब्लाइल, लाकडाचे रेषे आणि अवजाराचे ओरखडे मुद्दाम दिसू देतात. मजा त्यातच आहे.

आणि नेमकं तेच पोस्टरमध्ये गायब आहे.

मी हे चित्र बर्लिनच्या ब्रूक म्युझियममध्ये प्रत्यक्ष बघितलंय (डालेमला, जंगलाच्या कडेला छोटीशी इमारत आहे, 1967 पासूनची, जमलं तर जाच). कागदावरची चित्रं तिथे कायम लावलेली नसतात, उजेडाने खराब होतात म्हणून बदलत राहतात, माझं नशीब की त्या दिवशी हे होतं. मूळ छाप साधारण 46 बाय 33 सेंटीमीटरचा, म्हणजे वाटतं त्यापेक्षा छोटा. जवळ गेलं की कुठे शाई दाट, कुठे विरलेली, हिरव्याच्या आतून कागद डोकावतोय. पोस्टरवाल्यांनी तो फुगवून 70 पर्यंत नेला, कडेचा पांढरा कागद कापून टाकला आणि छापला कशावर तर लग्नाच्या अल्बमसारख्या चकचकीत कागदावर! त्यामुळे ओरखडे कसले, सगळं गुळगुळीत, आणि हिरवा तर सरळ पोपटी झालाय. वेबसाइटवरच्या फोटोत बरा दिसत होता.

पॅकिंग मात्र उत्तम, जाड पुठ्ठ्याची नळी, एक चुरगळी नाही. कस्टमर केअरला फोटो पाठवले तर उत्तर आलं की प्रत्येक स्क्रीनवर रंग वेगळा दिसतो. अहो पण मी स्क्रीन भिंतीला टांगलेली नाही ना! 14 दिवसांत परत करता आलं असतं, पण मी शहाणी, आल्या आल्या फ्रेम करून मोकळी झाले, आणि फ्रेमलाच पोस्टरपेक्षा जास्त पैसे गेले.

कोणी घेणार असेल तर मॅट, जाडसर कागद आहे का ते आधी विचारा आणि मूळ साइजच्या जवळपासचंच घ्या, मोठं घेऊ नका. नाझींनी 1937 मध्ये हेकेलची सातशेच्या वर कामं जर्मन म्युझियममधून जप्त केली, 1944 मध्ये बॉम्बमुळे त्याचा बर्लिनचा स्टुडिओ गेला, एवढ्यातून वाचलेल्या माणसाचं चित्र शेवटी चकचकीत कागदाने मारावं हे जरा जास्तच झालं.

आईने व्हिडिओ कॉलवर बघून विचारलं, "अगं, ह्याला कावीळ झालीये का? आणि हॉलमध्ये कशाला लावलंस?" आता पॅसेजमध्ये हलवलाय. तिथला बल्ब मंद आहे, पोपटीपणा जरा झाकला जातो.