जुने सिनेमे, नवा टीव्ही: सोलापूरच्या घरात काय पाहावं, कसं पाहावं

‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) टीव्हीवर लावल्यावर माणसं बुटकी आणि फुगलेली दिसत असतील, तर चित्रपटाला नावं ठेवू नका. त्या काळातली चौकट १.३७:१, म्हणजे जवळपास चौकोनी. आपला टीव्ही १६:९. डीव्हीडी प्लेअर किंवा टीव्ही ती ओढून रुंद करतो. रिमोटवरच्या ‘पिक्चर साइझ’मध्ये ४:३ निवडा आणि दोन्ही बाजूंचे काळे पट्टे राहू द्या. ‘झूम’ मात्र नको, त्यात वरखाली मिळून जवळजवळ पाव चित्र कापलं जातं. समूहदृश्यांत नेमकी डोकी उडतात.

हा चित्रपट सोलापूरकरांनी पाहायलाच हवा. भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकापर्यंत जाणारे बरेच जण या चित्रपटापर्यंत पोचत नाहीत. युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेलेले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्ये वारले आणि चारच वर्षांत व्ही. शांताराम यांनी स्वतः त्यांची भूमिका केली. जयश्रीबाई त्यांच्या चिनी पत्नीच्या भूमिकेत आहेत. चिनी पात्रं हिंदी बोलतात, भाषणं लांबतात, हे मान्य करूनच बसावं लागतं. एवढ्या ताज्या दुःखावर काढलेला चित्रपट म्हणून तो मनाला भिडतो. वसंत देसाईंचं संगीत तर स्वतंत्रपणे ऐकण्यासारखं आहे.

‘संत तुकाराम’ (१९३६) माझ्या मते या सगळ्यांत थोर. विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा अभिनय कुठे संपतो ते कळत नाही. आणि पायातली वहाण हातात घेऊन विठोबाला जाब विचारायला निघालेली गौरीबाईंची जिजाई! ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचाच अभंग असं आजही अनेक जण समजतात. तो शांताराम आठवल्यांनी याच चित्रपटासाठी लिहिला.

इथे प्रत बघून घ्या. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, पाल (भारतातली जुनी टीव्ही-प्रसारणाची पद्धत) डीव्हीडीवर तो २५ ने पळतो. १३१ मिनिटांचा चित्रपट १२६ मिनिटांत संपतो आणि आवाज अर्ध्या सुराच्या साधारण पाऊणपट चढतो. पेटीवर सूर धरून ऐकणाऱ्याला ते लगेच खटकतं. कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. तेवढ्याने पट्टी उतरत नाही, कारण व्हीएलसी वेग बदलला तरी सूर तोच धरून ठेवतं. ऑडिओच्या सेटिंगमधली ‘टाइम-स्ट्रेचिंग’ची खूण आधी काढावी लागते.

‘सिंहासन’ (१९७९) मात्र चित्रासाठी जपून लावा. जब्बार पटेलांनी तो कृष्णधवल ठेवला. दुकानातून आलेल्या टीव्हीवर ‘व्हिविड’ मोड असतो. त्यात गडद भाग नुसते काळे होतात आणि पांढरा रंग निळसर पडतो. ‘सिनेमा’ मोड, रंगछटा ‘वॉर्म’, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, शार्पनेस शून्याजवळ. नॉइज रिडक्शनही बंदच ठेवा, नाहीतर फिल्मचा दाणा पुसला जातो आणि निळू फुल्यांचा चेहरा मेणाचा वाटतो. शेवटच्या प्रसंगात त्यांनी रंगवलेल्या पत्रकार दिगू टिपणीसच्या चेहऱ्यावर तर सुरकुतीन् सुरकुती दिसायला हवी. ‘मोशन स्मूदिंग’ आधी बंद करा. कंपनीगणिक त्याचं नाव बदलतं, पण त्याने कुठलाही चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

उन्हाळ्यात दुपारी बघणार असाल तर खिडकीवर जाड सोलापुरी चादर टाका. उजेड अडतो, आणि फरशीच्या खोलीत संवाद घुमतात तेही जरा कमी होतं. जुन्या ध्वनिपटाला हा फरक मोठा आहे.

मालिकांत ‘ब्योमकेश बक्षी’ (१९९३). बासू चटर्जींनी प्रकरण रेंगाळू दिलं नाही, आणि रजित कपूर व के. के. रैना यांची जोडी नुसत्या बोलण्यावर भाग तोलून धरते. दूरदर्शनचं चित्र ५७६ ओळींचं, एकाआड एक ओळींनी येणारं. म्हणून हात हलला की कडेला कंगव्याचे दाते दिसतात. व्हीएलसीमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू करून ‘यादीफ टू एक्स’ निवडलं की ते जातात. इंटरनेटवर चढवतानाच दाते चित्रात मुरले असतील तर मग इलाज नाही, दुसरी प्रत शोधा. ४३ इंची टीव्हीसमोर साधारण दहा फुटांवर बसा, त्याहून जवळ गेलात तर चित्र फुटलेलं दिसेल.

व्हीसीडी शेवटचा पर्याय. तिचं चित्र अवघं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, शिवाय चित्रपट दोन तबकड्यांवर तोडलेला. जुन्या बाजारात मिळाली तर उन्हाकडे धरून बघा, चंदेरी थराला भोकं दिसली तर घेऊ नका. नुसती धूळ असेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसताना पडलेला चरा नेमका माहितीच्या रेषेवरून जातो आणि प्लेअर तिथेच अडकतो.